अंक छापावा की पीडीएफ पाठवावी? ब्रीड क्लबचा अंक काढणाऱ्यांसाठी

जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांच्या एका छोट्या क्लबचा त्रैमासिक अंक मी मुंबईतून काढतो. आधी तो छापून पोस्टानं जायचा, मग आम्ही नुसत्या पीडीएफवर आलो आणि आता पुन्हा कागदावर आलो आहोत. तुमच्या क्लबात हाच विषय निघाला असेल तर दोन्ही बाजू सांगतो.

खर्चात पीडीएफ सरस, त्यात वाद नाही. ऑफसेट छपाईत प्रती शंभर काढा की हजार, प्लेटांचा खर्च ठरलेलाच, त्यामुळे कमी प्रतींत एकेक अंक महाग पडतो. थोड्या प्रती हव्या असतील तर सरळ डिजिटलवर, म्हणजे प्लेटांशिवाय, छापून घ्या. प्रभादेवी-लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आता दोन्ही सोयी मिळतात. खरी अडचण टपालाची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बुकपोस्ट, म्हणजे छापील मजकुरासाठीची स्वस्त टपालसेवा, बंद झालं. मे २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही स्वस्त सेवा आली, पण ठरावीक काळानं निघणाऱ्या अंकांना ती लागू नाही. म्हणजे वसई, डोंबिवली, अलिबागच्या सदस्यांपर्यंत अंक पोचवायचा तर पूर्ण दरानं पाठवा, नाहीतर डॉग शोच्या दिवशी हातात द्या. आम्ही जमेल तितके हातातच देतो.

वेगातही पीडीएफच पुढे. रविवारी शो झाला की निकाल रात्री ग्रुपवर. छापायचं म्हटलं की मजकूर, प्रूफ, दुसरं प्रूफ, बायंडिंग हे सगळं आलंच, आणि मधे पावसाळा असला तर कागद सर्दावतो तो वेगळाच. चुकीचं म्हणाल तर कुत्र्याच्या ओळखीच्या मायक्रोचिपच्या १५ आकड्यांतला एक इकडचा तिकडे झाला, तर पीडीएफ लगेच सुधारून पाठवता येते. मात्र चुकलेली प्रतही लोकांच्या फोनमध्ये फिरत राहते. छापील अंकात शुद्धिपत्र पुढच्या अंकापर्यंत थांबतं.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. शेफर्डच्या पाठीवरचं काळं खोगीर पडद्यावर छान उठून दिसतं. कागदावर तेच बुजून सपाट होतं, पाठीची रेषाच दिसत नाही आणि उभा केलेला कुत्रा पारखायला तर तीच रेषा हवी असते. यावर उपाय आहे: छपाईला देण्याआधी फोटोतला काळा भाग थोडा उजळून घ्या आणि सदस्यांना बजावून सांगा की फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

इथपर्यंत पारडं पीडीएफकडे झुकतं, हे मी मान्य करतो. माझा निर्णय फिरला तो वंशावळीच्या पानांमुळे.

चार पिढ्यांची वंशावळ म्हणजे २, ४, ८ आणि १६, मिळून ३० नावं. मेटिंग ठरवायची तर नराची आणि मादीची अशा दोन वंशावळी शेजारी-शेजारी बघाव्या लागतात. फोनवर अक्षर वाचता येईल इतकं मोठं केलं की बापाची बाजू दिसते आणि आईची पडद्याबाहेर जाते. सरकवून तिकडे जावं तर आधी काय वाचलं ते डोक्यात राहत नाही. माझ्या मादीसाठी नर बघताना या प्रकारानं मी इतका वैतागलो की शेवटी झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही वंशावळी ए३ वर काढून आणल्या आणि टेबलावर पसरल्या. बसल्या बसल्या दिसलं: माझ्या मादीचा आजोबा तोच त्या नराचा पणजोबा. होणाऱ्या पिल्लांच्या हिशेबानं ४-३, म्हणजे तोच पूर्वज बापाकडून चौथ्या आणि आईकडून तिसऱ्या पिढीत. अशी लाइन-ब्रीडिंग, म्हणजे एकच पूर्वज दोन्ही बाजूंनी येईल अशी जोडी लावणं, वाईटच असते असं नाही, आपल्या जातीत ती पहिल्यापासून चालत आली आहे. पण ती जाणून-बुजून व्हायला हवी. त्या कुत्र्याच्या कंबरेच्या सांध्यांच्या (हिप) एक्स-रेचा निकाल काय होता, त्याची बाकी पिल्लं कशी निघाली, हे प्रश्न नाव डोळ्यांत भरलं तरच सुचतात.

कुणी म्हणेल, पीडीएफमध्ये नाव शोधता येतं की. येतं, पण जे शोधायचं हे आधी ठाऊक आहे तेच. शिवाय जर्मन नावांच्या स्पेलिंगचा घोळ असतो. एकाच पूर्वजाचं नाव एका कागदावर डोक्यावर दोन टिंबं असलेल्या स्वरानं (ü) लिहिलेलं, दुसऱ्यावर जादा अक्षर घालून (ue). शोधयंत्राला ती दोन नावं वाटतात, नजर मात्र फसत नाही.

तुमच्या अंकात मुख्यतः शोचे निकाल आणि फोटोच असतील, सदस्यही बरेचसे हौसेखातर एक कुत्रा पाळणारे असतील, तर पीडीएफ पुरेशी आहे. छपाईत पैसे घालू नका, असंच मी म्हणेन. लॅपटॉपवर वाचणाऱ्यांना माझी तक्रार कदाचित जाणवणारही नाही. पण क्लबात पिल्लं काढणारे चार लोक जरी असले, तरी वर्षातून निदान एक अंक छापा असं मला मनापासून वाटतं. आम्ही आता निकाल लगेच ग्रुपवर टाकतो आणि वंशावळी, आरोग्याच्या नोंदी छापील अंकासाठी राखून ठेवतो.

छापणार असाल तर वंशावळीला अंकाच्या अगदी मधली जोडपानं, म्हणजे समोरासमोरची दोन पानं, द्या. मध्ये पिन मारलेल्या अंकात ती दोन पानं म्हणजे एकच अखंड कागद असतो, त्यामुळे रेषा आणि नावं घडीवर तुटत नाहीत. बाकी कुठल्याही जोडपानांत डावं-उजवं दोन वेगळ्या कागदांवर येतं आणि बायंडिंगमध्ये जरासं वरखाली होतं. पानांची संख्या चारच्या पटीत धरा, डावीकडे नर, उजवीकडे मादी ठेवा आणि प्रूफ मागवाल तेव्हा ती जोडपानं पूर्ण आकारात कागदावरच मागवा.