फायर ब्रिगेडच्या भरतीचा फॉर्म भरायचाय? मिरजेतलं हे दुकान बघा

मिरजेत स्टँडच्या मागच्या गल्लीत एक झेरॉक्सचं दुकान आहे. आत दोन कॉम्प्युटर, बाहेर ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असा बोर्ड. असे बोर्ड गल्लोगल्ली दिसतात. इथल्या ताई मात्र पैसे घ्यायच्या आधी जाहिरातीची पीडीएफ उघडतात आणि पात्रतेचा रकाना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात. तुम्हाला आवडो न आवडो.

मी कुपवाड एमआयडीसीत फायर सेफ्टीला आहे. जानेवारी आणि जुलै आला की कारखान्यात प्रपत्र ‘ब’साठी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याच्या सहामाही दाखल्यासाठी, धावपळ करणारा तो मीच. महापालिकेच्या अग्निशमन दलातल्या सब ऑफिसरच्या, म्हणजे उपस्थानक अधिकाऱ्याच्या, जागेसाठी अर्ज भरायला गेलो, तर माझ्या पुढं त्याच पदासाठी आलेला एक पोरगा. हातात खासगी इन्स्टिट्यूटचा ‘फायर अँड सेफ्टी’ डिप्लोमा, लॅमिनेशन केलेला. ताईंनी तो उलटसुलट पाहिला. म्हणाल्या, “दादा, यांनी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा सब ऑफिसर कोर्स मागितलाय. नाहीतर राज्याच्या अग्निशमन संचालनालयाचा उपस्थानक अधिकारी पाठ्यक्रम. तुझ्याकडं यातलं काय आहे?” पोरगं गप्प. “मग हजार रुपये फी कशाला भरतोस? ती परत मिळत नाही.” स्वतःचे दीडशे त्यांनी तिथंच सोडले.

आमच्या फील्डमधल्या पोरांना हे वेळेवर सांगणारं कुणी भेटत नाही. तो डिप्लोमा खासगी कंपनीत चालतो, सुपरवायझरची नोकरीही लागते. पण ज्या भरतीत ठरावीक कोर्सच मागितलाय तिथं कागदपत्र तपासणीत माणूस बाद होतो. तेही लेखी झाल्यावर, मैदानी चाचणी दिल्यावर. ॲडमिशन देताना इन्स्टिट्यूटवाले ‘सरकारमान्य’ म्हणतात. कुठल्या खात्याची मान्यता, असं विचारलं की चहा मागवतात. त्या पोराला ताईंनी संचालनालयाचा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स बघायला सांगितलं. त्या कोर्सला उंची १६५ सेंमी, छाती ८१ आणि फुगवून ५ जास्त लागते, हे आकडे मात्र मी पुरवले. ताईंना ते ठाऊक नव्हते.

माझा फॉर्म भरताना त्यांनी मोबाइल नंबर आणि ईमेल माझाच घातला, पासवर्ड मलाच टाइप करायला लावला. हे महत्त्वाचं आहे. बरेच सेंटरवाले स्वतःचा ईमेल टाकून मोकळे होतात आणि मग हॉल तिकिटासाठी त्यांच्या दारात उभं राहावं लागतं. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २०, शिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहिलेली घोषणा. सही मी सवयीनं कॅपिटलमध्ये करायला लागलो तसा त्यांनी कागदच ओढून घेतला. अंगठ्याला शाई जास्त लागली म्हणून ठसा तीनदा घेतला, रेषा दिसेपर्यंत. फोटोचं तसंच: नुसता दाबून लहान केला नाही, आधी नीट कापला, त्यामुळं चेहरा पुसट झाला नाही. लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्राचा नमुनाही आपणहून काढून दिला. माझं लग्न ठरायचा पत्ता नाही, पण अपत्यांचा रकाना भरून झालाय!

आता तक्रारी. बसायला एकच बाकडं आणि त्यावर पण रिमचे गठ्ठे. दुपारी जेवायला शटर खाली येतं, वेळ कुठं लिहिलेली नाही. बोलणं फटकळ. दीडशे फक्त फॉर्म भरायचे, स्कॅनचे पानागणिक वेगळे, ते आधी विचारून घ्या. शेवटच्या तारखेला तर जाऊच नका. साइट अडकते, ओटीपी येत नाही आणि रांग रस्त्यावर आलेली असते.

पाचपैकी चार देईन. झेरॉक्स मात्र दुसरीकडून आणा, यांचं मशीन काळे पट्टे मारतं.