जपानमधल्या फुकट जागा: विद्यार्थ्यांच्या खिशातून बघताना

जपानमध्ये मला ज्या जागा सगळ्यात जास्त आवडल्या, त्यातल्या बहुतेकांना तिकीटच नाही. शिकायला म्हणून तिकडं होते, तेव्हा खोलीभाडं आणि जेवण भागवून जे उरायचं त्यातच फिरायचं होतं. आता कोल्हापुरात परत आल्यापासून सायबर चौकात चहाला बसलं की विद्यापीठातली पोरं विचारतात, "ताई, कमी पैशात काय काय बघून होईल?" त्यांना तोंडी सांगते तेच इथं जरा सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. तिकडं पैसे जातात ते प्रवासात. परदेशी पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा साधा जेआर पास (जपान रेल्वेच्या गाड्यांनी फिरायचा पास) ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. त्यामुळे आठवड्यात सगळा देश पालथा घालायचा बेत विद्यार्थ्याने करूच नये. टोकियो आणि क्योटो-नारा एवढंच धरा. मधला प्रवास रात्रीच्या बसने करा, म्हणजे एका रात्रीचं राहण्याचं भाडंही वाचतं. आणि एका दिवशी शहराच्या एकाच भागात चालत फिरा.

टोकियोतली पहिली संध्याकाळ शिंजुकूच्या सरकारी इमारतीला द्या. टोकियो महानगर सरकारचं हे मुख्यालय केन्झो तांगे या वास्तुविशारदाने आखलेलं, २४३ मीटर उंच, वरच्या अंगाला दोन मनोरे. ४५व्या मजल्यावर, २०२ मीटरवर, शहर बघायला मोठं काचबंद दालन आहे आणि वर जायला एक येनही लागत नाही. खाली बॅग तपासतात, दालनासाठी वेगळी लिफ्ट आहे, रांग असली तरी भराभर सरकते. स्कायट्री या टोकियोतल्या मनोऱ्यावर जायला दोन हजारांच्या वर येन मोडतात. तो मनोरा उंच आहे यात वाद नाही, पण इथून तोही दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला फुजी पर्वतही दिसतो. हिवाळ्यात सकाळी गेलात तर फुजी दिसण्याची शक्यता जास्त. दक्षिणेकडच्या दालनात एक पियानो ठेवलाय, पिवळाजर्द, त्यावर काळे ठिपके. यायोई कुसामा या चित्रकर्तीच्या देखरेखीखाली सजवलेला. ठरलेल्या वेळात कुणीही बसून वाजवावा. शाळकरी मुलगी वाजवते, मग ऑफिसातून सुटलेले कुणी काका येतात, आणि काचेपलीकडं शहरात दिवे लागत असतात. पैसे देऊन बघितलेल्या कुठल्याही उंच जागेपेक्षा मला ही जागा जवळची वाटते. खाली उतरल्यावर लगेच निघू नका. फेब्रुवारी २०२४ पासून अंधार पडला की याच इमारतीच्या भिंतीवर प्रकाशचित्रांचा खेळ दाखवतात, तोही फुकट.

असाकुसाचं सेन्सोजी मंदिर सगळेच बघतात, तुम्हीही बघाल. माझं म्हणणं एवढंच की रात्री जा. गाभारा पाच वाजता बंद होतो, पण आवार उघडं असतं, देवळावर दिवे असतात आणि दिवसाची रेटारेटी ओसरलेली असते. समोरच केंगो कुमा यांनी बांधलेलं पर्यटन माहिती केंद्र आहे. त्याच्या आठव्या मजल्याच्या गच्चीवरून मंदिराचा सरळ रस्ता पायथ्यापासून टोकापर्यंत दिसतो. गच्चीलाही पैसे नाहीत.

मेइजी जिंगू झाडांसाठी बघा. १९२० साली हे देवस्थान उभारलं तेव्हा देशभरातून लोकांनी सुमारे एक लाख झाडं दिली आणि मोकळ्या जागेवर माणसांनी जंगल लावलं. आज आत शिरलं की शहराचा आवाज बंद होतो. आतल्या एका बागेला तेवढे पैसे पडतात, ती सोडलीत तरी चालेल.

त्सुकिजी होंगानजीची शिफारस सहसा कुणी करत नाही, मी आवर्जून करते. इतो चुता या वास्तुविशारदाने १९३४ साली हे बौद्ध मंदिर भारतीय वळणाने बांधलं. दर्शनी कमान बघितली की अजिंठ्याचं चैत्यगृह आठवतं. जिन्याच्या कठड्यावर दगडी प्राणी बसलेत आणि आत मोठा पाइप ऑर्गन आहे. प्रवेश फुकट. तसंच सुगिनामी भागातलं रेन्कोजी. नेताजींच्या म्हणून जपलेल्या अस्थी १९४५ पासून या छोट्या देवळात आहेत. आवारात त्यांचा अर्धपुतळा आहे, आजूबाजूला साधी घरांची वस्ती. वीस मिनिटांत बघून होतं, पण तेवढ्यासाठी मी मुद्दाम वाट वाकडी करेन.

आणि कोल्हापूरच्या माणसाने सुमोचा सराव न बघता परत येऊ नये. खासबागेत कुस्ती बघत वाढलेल्यांना काय बघायचं ते सांगावं लागणार नाही. निहोनबाशी-हामाचो भागात आराशिओ-बेया नावाची सुमोची तालीम आहे. तिच्या रस्त्याकडच्या मोठ्या काचेतून सकाळचा सराव फुटपाथवर उभं राहून दिसतो. पाय किती सावकाश उचलतात आणि जमिनीवर किती जोरात टेकवतात, ते बघत राहावं. बोलायचं नाही, वाट अडवायची नाही, एवढे नियम पाळा. मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये स्पर्धा टोकियोबाहेर असतात, तेव्हा मल्लही तिकडंच असतात. एरवीही सुट्ट्या असतात, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघून मगच जा.

क्योटोत माझं मत पक्कं आहे: पैसे असोत नसोत, पहिला नंबर फुशिमी इनारीचा. क्योटो स्टेशनवरून जेआर नारा लाइनने दुसरं स्टेशन, बाहेर पडलं की समोरच देऊळ. तिकीट नाही, कुलूप नाही, चोवीस तास उघडं. इनारी हा भाताचा आणि धंद्याच्या बरकतीचा देव. त्याचे दूत कोल्हे जागोजागी बसलेत, कुणाच्या तोंडात किल्ली, कुणाच्या भाताची लोंबी. मागं २३३ मीटरचा डोंगर, आणि वर जाणाऱ्या वाटेवर हजारो लाकडी तोरणं एकाला एक चिकटून, मारुतीच्या शेंदराच्या रंगाची, पायाशी काळा पट्टा. चढताना खांब कोरे दिसतात. उतरताना मात्र प्रत्येक खांबावर काळी अक्षरं असतात: तोरण कुणी दिलं आणि कधी. कंपन्या, दुकानं, माणसं. लाकूड कुजलं की जुनं तोरण जातं, नवं येतं, त्यामुळे एक खांब चकचकीत तर शेजारचा फिका. हे सगळं बघायचं तर खालच्या फोटोच्या गर्दीत अडकू नका. अर्ध्या वाटेवरच्या योत्सुत्सुजीपर्यंत तरी चढा, तिथून शहर दिसतं. बहुतेक लोक तिथून मागं फिरतात आणि वरची वाट मोकळी मिळते. सगळा फेरा दोन-तीन तासांचा. पाणी खालून भरून घ्या, वरच्या टपऱ्यांवर महाग आहे. तिकडं नळाचं पाणी बिनधास्त प्या.

अराशियामाची बांबूची वाटही फुकट आहे, पण उजाडताच जाणार नसाल तर सोडून द्या. वाट छोटी आणि माणसं फार.

नारा क्योटोवरून एका दिवसात होतं. उद्यानातली हरणं बघायला काही लागत नाही, त्यांना बिस्किटं घालायची असतील तर तेवढी विकत घ्यावी लागतात. तोदाइजीच्या मोठ्या बुद्धाला तिकीट आहे. ते परवडत नसेल तर वरच्या अंगाला निगात्सुदोच्या सज्जात जाऊन बसा, तिथं फुकट आहे आणि संध्याकाळचं नारा शहर तिथूनच नीट दिसतं.

हिरोशिमाचं भाडं जमलं तर शांती उद्यान आणि अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेली घुमटाची इमारत फुकट बघता येते. पण शेजारच्या संग्रहालयाचे २०० येन वाचवू नका. तिथं मुलांचे कपडे, डबे, सायकली ठेवल्यात. अर्धा दिवस मोकळा ठेवूनच आत जा.

वार बघून बेत आखा. टोकियोतल्या राजवाड्याची पूर्व बाग सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, क्योटोचा जुना राजवाडा सोमवारी. दोन्ही फुकट आहेत आणि क्योटोच्या राजवाड्याला २०१६ पासून आधी नाव नोंदवावं लागत नाही. त्यामुळे सोमवार फुशिमी इनारीसाठी राखून ठेवा.