बेळगावातील एका मेथडिस्ट मंडळीची मराठी उपासना
लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये बेळगावात सुरू केलेले काम १९०४ मध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाकडे आले. त्याच परंपरेतील एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मराठी उपासनेला मी गेले काही महिने जात आहे. उपदेश नेमका असतो, पण मंडळीचे खरे बळ रविवारखेरीजच्या दिवसांत दिसते, कारण महिला मंडळ आजारी माणसाच्या घरी प्रार्थनेबरोबर जेवणाचा डबाही घेऊन जाते आणि घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत मराठी गीतामागून कन्नड गीत कोणी न सांगता सुरू होते. (सीमाभागात याचे नवल फक्त बाहेरच्यांना वाटते.) तरुण संघ मात्र नाताळापुरताच जागा होतो आणि सूचना फार लांबतात. नवख्याने उपासनेनंतरच्या चहाला अवश्य थांबावे. ओळखी तिथेच होतात.