ब्लाइंड हेमचा फूट, चार महिने वापरून

चार महिने झाले शिलाई मशीनचा हा ब्लाइंड हेमचा फूट, म्हणजे पॅंट-स्कर्टची खालची दुमड (हेम) सुलट बाजूने टाका न दिसता शिवायला सुईखाली कापड दाबून धरणारा पाया, वापरतेय आणि मला मनापासून आवडलाय, पण घेतल्या घेतल्या चांगल्या पॅंटवर चालवू नका, आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर बघा.

सगळी करामत फूटच्या मधल्या उभ्या पट्टीची आहे, कापडाची घडी तिला टेकून चालते. मशीन चार-पाच टाके सरळ घालते आणि मग सुई एकदम डावीकडे जाऊन घडीत एकच टाका घेते, तो टाका घडीच्या एक-दोन धाग्यांतच अडकायला हवा. जास्त आत गेली तर सुलट बाजूला ठिपके दिसतात, कमी गेली तर हेम तिथे सुटंच राहतं. बाजूचा स्क्रू फिरवून पट्टी जरा डावीकडे घेतली की घडीपण तिकडे ढकलली जाते आणि टाका बारीक होतो. मी पहिले दोन-तीन टाके हाताने चाक फिरवून बघते, सुई नेमकी कुठे टोचतेय ते कळतं.

घडी मात्र नीट पाहिजे. दुमड इस्त्रीने पक्की बसवायची, मग ती कापडाच्या सुलट बाजूखाली अशी वळवायची की ओव्हरलॉक केलेली कड साधारण ६ मिमी बाहेर राहील, टीप त्या कडेवर बसते. बारीक सुई, ७० किंवा ७५ नंबरची, आणि कापडाच्या रंगाचा दोरा, वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) किंचित सैल. टेन्शन घट्ट असलं तर प्रत्येक टाक्यापाशी खळी पडते, ती इस्त्रीने पण जात नाही.

तक्रार एकच, तो स्क्रू. मशीन पळवली की थरथरून ढिला होतो. ग्रे पॅंटचा एक पाय इतका सुरेख झाला की सुलट बाजूने टाका शोधावा लागत होता, आणि दुसऱ्या पायाला अर्ध्यातून पट्टी सरकली, टाके रांगेने दिसायला लागले, सगळं उसवलं. आता प्रत्येक पायाआधी स्क्रू चेक करते आणि मशीन हळूच चालवते.

टिकायला मस्त आहे. रेडिमेड पॅंटचं हेम बऱ्याचदा एक दोरा ओढला की सरसर निघतं ना, ते कारखान्यातल्या मशीनने एकाच दोऱ्याने घातलेल्या साखळी टाक्यामुळे, इथे बॉबिनचा दोरा खाली असतो त्यामुळे एक टाका तुटला तरी बाकीचं जागेवर राहतं.

लोकरीचं, क्रेप, जाडसर सुटिंग, ह्यावर डोळे झाकून वापरा, कापडाच्या पोतात टाका बुडून जातो. स्ट्रेच कापडाला ब्लाइंड हेमचा दुसरा टाका निवडा, ज्यात सरळ टाक्यांच्या जागी छोटे झिगझॅग असतात. सॅटिन आणि खूप घेराचे स्कर्ट मी अजून हातानेच तुरपते, घेरात खालची कड लांब असते, तिच्या चुण्या ह्या फूटखाली सारख्या बसतच नाहीत.