स्तनातली गाठ नेमकी किती मोठी? सोनोग्राफी, मॅमोग्राफी की एमआरआय

समजा, एकाच गाठीचे माप मॅमोग्राफीत १९ मिमी, सोनोग्राफीत १७ आणि एमआरआयमध्ये २३ आले. घरच्यांना पहिली शंका येते ती म्हणजे कुणीतरी चुकले. बहुतेक वेळा कुणीच चुकलेले नसते. पण कर्करोगाच्या गाठीला आकारावरून टी-दर्जा देतात: २० मिमीपर्यंतची गाठ टी-१ आणि त्यापुढे ५० मिमीपर्यंतची टी-२ धरतात, त्यामुळे एवढ्या फरकाने स्टेजही बदलू शकते. खरे माप ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये कळते. त्याआधीचे निर्णय मात्र स्कॅनच्या भरवशावरच घ्यावे लागतात.

सोनोग्राफी स्वस्त, किरणोत्सर्ग नाही आणि बायोप्सीची सुईही तिच्याच मदतीने टाकता येते. कडा स्पष्ट असलेल्या लहान गाठीसाठी तिचे माप बऱ्यापैकी विश्वासाचे असते. गाठ मोठी असली की अडचण सुरू होते. प्रोबच्या (त्वचेवर फिरवायच्या यंत्राच्या) रुंदीत ती मावत नाही आणि माप कमी येण्याकडे कल राहतो. शिवाय प्रोब कुणी, किती तिरका धरला यावरही आकडा हलतो.

मॅमोग्राफीत स्तन दाबून दोन बाजूंनी चित्र घेतात. चरबीचे प्रमाण जास्त असलेल्या स्तनात गाठ छान उठून दिसते. घट्ट, ग्रंथी जास्त असलेल्या स्तनात मात्र पांढऱ्यावर पांढरे, कडा कुठे संपते ते सांगणे अवघड. तरुण स्त्रियांत हे जास्त आढळते. तरी मॅमोग्राफी वगळून चालत नाही, कारण दुग्धनलिकांतच असलेल्या सुरुवातीच्या कर्करोगाचे कॅल्शियमचे बारीक कण तिच्यात सर्वांत चांगले दिसतात. गाठ छोटी आणि कण दूरवर पसरलेले असतील, तर नुसत्या गाठीच्या मापावर ऑपरेशन ठरवणे धोक्याचे.

एमआरआय महाग, वेळखाऊ, पण घट्ट स्तनात आणि लोब्युलर (दूधग्रंथींशी संबंधित) कर्करोगात तिची बाजू भक्कम आहे. या प्रकारात पेशी रांगेने पसरतात, नीट गाठ बनतेच असे नाही, आणि बाकीच्या दोन तपासण्या त्याचा पसारा लहान दाखवतात. एमआरआयचा दोष उलटा: शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधाने आजूबाजूची ऊतीही उजळते आणि माप फुगते. त्यावर विसंबून गरज नसताना पूर्ण स्तन काढला जाऊ शकतो. ब्रिटनमधल्या कोमाइस चाचणीत (२०१०) १,६२३ स्त्रिया होत्या. ज्यांची एमआरआय केली आणि ज्यांची नाही, दोन्ही गटांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचे प्रमाण सुमारे १९ टक्केच राहिले. म्हणून लहान, स्पष्ट गाठ आणि मॅमोग्राफी-सोनोग्राफीत जवळपास सारखे माप असेल, तर एमआरआयचा हट्ट धरू नये असे माझे मत.

आधी केमो आणि मग ऑपरेशन ठरले असेल तर गणित बदलते. इथे एका दिवसाच्या मापापेक्षा त्यातला बदल महत्त्वाचा, आणि तो मोजायला एमआरआय सर्वांत बरी. उपचाराने गाठी किती बदलल्या हे ठरवणाऱ्या रेसिस्ट १.१ या निकषांत (२००९) गाठींच्या सर्वांत लांब व्यासांची बेरीज धरतात: किमान ३० टक्के घट म्हणजे अंशतः प्रतिसाद, २० टक्के वाढ आणि तीही निदान ५ मिमी, तरच आजार वाढला असे म्हणतात. म्हणजे २० ची २२ मिमी झाली म्हणून घाबरायचे कारण नाही. याच निकषांत सोनोग्राफीचे माप धरत नाहीत, कारण तेच चित्र पुन्हा तसेच मिळेल याची खात्री नसते. अर्थात रोजच्या कामात डॉक्टर तिचा उपयोग करतातच.

पहिली तपासणी सोनोग्राफीने आणि दुसरी एमआरआयने, अशी तुलना मात्र टाळा. केमोआधी जी केली तीच, शक्यतो त्याच सेंटरमध्ये पुन्हा करा आणि जुनी सीडी सोबत न्या. नुसत्या रिपोर्टवरून रेडिओलॉजिस्टला तोच व्यास पुन्हा मोजता येत नाही. गाठ पूर्ण विरघळली तर जागा सापडावी म्हणून केमोआधी तिथे छोटी क्लिप बसवायची का, हेही सर्जनला तेव्हाच विचारा. पेसमेकर असेल किंवा किडनी कमजोर असेल, तर एमआरआयची वेळ घेण्याआधीच तसे सांगा.