हुंगून कळलेलं प्रेम की झगडून मिळवलेलं? अद्भुताच्या जगातल्या गे प्रेमकथा, आणि आधी कोणती घ्यावी

एक जण दुसऱ्याला पहिल्यांदा भेटतो, हुंगतो आणि त्याला कळतं की हाच आपला जन्माचा जोडीदार. वेअरवुल्फच्या, म्हणजे लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसांच्या, प्रेमकथांमध्ये हा प्रकार इतका रुळलाय की वाचकालाही आता त्यात काही वावगं वाटत नाही. (वेअरवुल्फला मराठीत काय म्हणावं हे माझं अजून ठरलेलं नाही. नरसिंहाच्या चालीवर ‘नरलांडगा’ म्हणून पाहिलं, पण हसू आवरत नाही.) मला मात्र दर वेळी प्रश्न पडतो: वास आला, कळलं, जुळलं, मग पुढची चारशे पानं कशासाठी?

दोन पुरुषांची प्रेमकथा हवी, शिवाय जादू, भुतंखेतं, शापही हवेत, तर सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्यांना मी आधी एक कसोटी सांगतो. गोष्टीतली जादू मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवायची आणि प्रेमाचं काय होतं ते बघायचं. काहीच बिघडलं नाही, तर ते जग म्हणजे नाटकातला रंगवलेला पडदा. पडदा सुंदर असू शकतो, त्यात काही कमीपणा नाही. पण प्रेमच कोसळलं तर दोन शक्यता उरतात. एक तर जग आणि प्रेम एकमेकांत विणलेले आहेत, नाहीतर प्रेमाचं काम जादूनेच परस्पर उरकून टाकलंय. या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि मुखपृष्ठावरून तो ओळखू येत नाही.

हा फरक नीट दिसावा म्हणून दोन वस्तू शेजारी ठेवतो: कपाळावरची एक पट्टी आणि दगडाचा एक लांडगा.

पट्टी आहे ‘मो दाओ झु शी’मधली. मो श्यांग थोंग श्यू या टोपणनावाने लिहिणाऱ्या चिनी लेखिकेची ही कादंबरी २०१५ पासून इंटरनेटवर क्रमशः आली आणि २०२१ ते २०२३ या काळात तिचा इंग्रजी अनुवाद पाच खंडांत निघाला. यातल्या लान घराण्याचे तीन हजारांवर नियम दगडावर कोरलेले आहेत आणि घराण्यातला प्रत्येक जण कपाळाला पांढरी पट्टी बांधतो. ही पट्टी म्हणजे स्वतःला आवर घालण्याची खूण. आईवडील आणि जन्माचा जोडीदार सोडून तिला कोणी हात लावायचा नसतो. तरुण वेई वुश्यानला यातलं काही ठाऊक नाही. तिरंदाजीच्या स्पर्धेत, भर गर्दीत, तो लान वांगजीला ‘तुझी पट्टी वाकडी झालीय’ म्हणतो, ती ओढतो आणि ती सुटून त्याच्या हातात येते. लान वांगजी संतापतो आणि स्पर्धा सोडून निघून जातो. वाचताना आपल्याला वाटतं, काय हा तुसडा माणूस! त्या पट्टीचा अर्थ आपल्याला बऱ्याच उशिरा कळतो. तेव्हा मागे जाऊन तो प्रसंग पुन्हा वाचला की तुसडेपणाच्या जागी दुसरंच काहीतरी दिसायला लागतं.

दगडाचा लांडगा आहे टी. जे. क्लून यांच्या ‘वुल्फसाँग’मधला (२०१६). अशा लांडगा-माणसांच्या घराण्यातला ‘जो’ नावाचा मुलगा शेजारच्या ऑक्सला एक छोटा दगडी लांडगा भेट देतो. ऑक्स माणूस आहे, आपण काय स्वीकारतोय याची त्याला कल्पना नाही. त्या कळपात या भेटीचा अर्थ असतो: तू माझा.

दोन्हीकडे युक्ती तीच. समाजाने एका वस्तूला अर्थ दिलाय आणि दोघांपैकी एकाला तो माहीत नाही. पण पट्टी फक्त लान वांगजीची कोंडी करते. वेई वुश्यानच्या मनात काय आहे यावर तिची काडीइतकी सत्ता चालत नाही. ते सगळं त्याला स्वतःच, ठेचा खात, एकदा मरून तेरा वर्षांनी परत येऊन उमगावं लागतं. दगडी लांडगा मात्र निकाल आधीच लावून ठेवतो. ऑक्सला नकाराची मुभा आहे हे कादंबरी सांगते, पण कथेचा सगळा कल आपल्याला आधीच कळलेला असतो. शिवाय पहिल्या भेटीत ‘जो’ १० वर्षांचा आणि ऑक्स १६ वर्षांचा आहे. प्रेम जुळतं ते ‘जो’ मोठा झाल्यावर, तरीही लहानपणीच लागलेली ही ‘जोडीदार’ची मोहोर काही वाचकांना पचत नाही. मलाही पचली नाही. एक मात्र खरं, कळप म्हणजे घर, बाप सोडून गेलेल्या पोराला मिळालेली माणसं, ही बाजू ‘वुल्फसाँग’ इतक्या उत्कटपणे मांडतं की त्यासाठी ते वाचणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. ‘तू फक्त माझा’ हेच ऐकायची ज्यांना ओढ आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

‘मो दाओ झु शी’ची खरी अडचण म्हणजे नावं. एकेका माणसाला जन्माचं नाव, मोठेपणीचं नाव आणि वर पदवी. वेई यिंग, वेई वुश्यान आणि यिलिंगचा कुलगुरू ही सगळी एकच व्यक्ती. पण अर्जुन, पार्थ, धनंजय, सव्यसाची हा सगळा एकच गडी आहे हे आपल्याला लहानपणापासून सवयीचं असल्यामुळे मराठी वाचकाने याला बिचकायचं कारण नाही. त्यात कथा भूत-वर्तमानात उड्या मारते, आणि पाच घराण्यांचं राजकारण इतकं गुंतागुंतीचं आहे की पहिल्या खंडात प्रेमकथा कुठे आहे ते शोधावं लागतं. पन्नास पानांत गाडी रुळावर यावी अशी अपेक्षा असेल तर नादी लागू नका. यावरची ‘द अनटेम्ड’ ही २०१९ची पन्नास भागांची मालिका सोपी वाटेल, पण सेन्सॉरशिपमुळे तिथे प्रेमाची जागा जिवाभावाच्या मैत्रीने घेतली आहे. सगळं नजरेत आणि बासरीत. उलट कादंबरीत शेवटी-शेवटी उघड शृंगार आहे, आणि काही ठिकाणी संमतीची रेघ इतकी पुसट आहे की खटकतं.

आता इंग्लंडकडे. फ्रेया मार्स्क यांची ‘अ मार्व्हलस लाइट’ (२०२१) १९०८ सालात घडते. सर रॉबिन ब्लाइथला चुकून अशा सरकारी खुर्चीवर बसवलं जातं जिचं काम म्हणजे जादूगारांच्या गुप्त कारभाराशी संपर्क ठेवणं. मुळात जादू अस्तित्वात असते हेच त्याला ठाऊक नाही. समोर येतो एडविन कोर्सी, पुस्तकी, तुटक, चारचौघांत मिसळायला नको असलेला. इथली जादू बोटांच्या हालचालींनी करतात, दोन हातांत दोरा गुंफून मुलं आकार करतात ना, साधारण तशी. बाकीच्यांना प्रत्यक्ष दोरा लागत नाही. एडविनची ताकद इतकी तोकडी की त्याला लागतो. आता बघा, एवढ्या एका नियमात लेखिकेने किती कामं साधलीत. जादूची पद्धत कळली. एडविन घरात हिणवला का गेला असेल तेही कळलं. आणि रॉबिनला पुरावा म्हणून तो दोऱ्यातून हिमाचा एक कण घडवून दाखवतो तेव्हा रॉबिन अवाक होऊन बघत राहतो, कारण दोरा वापरणं ही लाजेची गोष्ट आहे हे त्या बिचाऱ्याला माहीतच नाही! ज्या हातांची एडविनला आयुष्यभर शरम वाटली त्यांच्याकडे कोणीतरी पहिल्यांदाच कौतुकाने पाहतंय. जादू काढून टाका, हा प्रसंग उरतच नाही. आणि तरी प्रेमात पाडण्याचं काम जादूने केलेलं नाही. कसोटीला इतकं चोख उतरणारं पुस्तक मला क्वचितच सापडलंय.

त्यात उणं नाही असं नाही. मधल्या भागात रहस्याचा वेग मंदावतो, खानदानी पाहुणचारात पानं जातात, आणि उत्तरार्धातले शृंगाराचे प्रसंग लांब आणि अगदी मोकळे आहेत. ज्यांना ते नको त्यांना पानं उलटावी लागतील. तीन पुस्तकांच्या मालिकेतलं हे पहिलं. दुसऱ्यात जोडी बदलते, तिथे दोन स्त्रियांची प्रेमकथा आहे.

याच जातकुळीतलं, पण निम्म्या वेळात संपणारं हवं असेल तर के. जे. चार्ल्स यांचं ‘द मॅगपाय लॉर्ड’ (२०१३). शांघायमध्ये वीस वर्षं काढून परतलेला लॉर्ड क्रेन, त्याच्या जिवावर उठलेली करणी, आणि ती उतरवायला आलेला स्टीफन डे, ज्याच्या बापाला क्रेनच्याच बापाने देशोधडीला लावलेलं असतं. जग म्हणावं तर चार नियम आणि एक पडका वाडा. पण संवाद धारदार आहेत. सुरुवातीलाच आत्महत्येचा प्रयत्न आहे, तेवढं माहीत असू द्या.

‘द हाउस इन द सेरुलियन सी’ (२०२०) हेही टी. जे. क्लून यांचंच, पण ‘वुल्फसाँग’च्या अगदी दुसऱ्या टोकाचं. चाळिशीतला लायनस बेकर जादुई मुलांच्या अनाथालयांची तपासणी करणारा कारकून आहे. जाडजूड नियमावली, एक मांजर, आणि महिनाभरासाठी एका बेटावर बदली. तिथे सहा मुलं: एक चक्क सैतानाचा मुलगा, एक घाबरला की छोटा कुत्रा होणारा, एक बटणं गोळा करणारा पिटुकला ड्रॅगन. त्यांना सांभाळणारा आर्थर पार्नासस.

इथे माझ्या कसोटीची थोडी पंचाईत होते. जग म्हणून पाहिलं तर विरविरीत. देश कुठला, काळ कुठला, जादुई माणसांवर नेमके कोणते कायदे आहेत, हे विचारायला गेलात तर हाती काही लागत नाही. दोघांचं प्रेम इतकं हळू सरकतं की पहिल्या चुंबनापर्यंत पुस्तक संपायला आलेलं असतं. पण लायनस त्या पिटुकल्याला एक बटण देतो. एवढंच. नियमावलीत बटण देण्याविषयी काही लिहिलेलं नाही, आणि या माणसाने आयुष्यात नियमावलीबाहेर काही केलेलं नाही. आर्थरवर त्याचं प्रेम बसलंय हे मला तिथे पटलं, नंतरच्या कबुलीजबाबात नव्हे. दमूनभागून आलेल्या माणसाला, ज्याला कोणी मरायला नको, कोणी विश्वासघात करायला नको, त्याला मी डोळे झाकून हेच देतो. गोडवा मात्र जरा जास्तच आहे, आणि खलनायक दोन वाक्यांत वरमतात. आणखी एक: कॅनडात आदिवासी मुलांना घरांतून हिरावून नेण्याचा जो प्रकार झाला, त्यातून ही कल्पना सुचल्याचं लेखकाने सांगितलं होतं, आणि इतक्या भीषण इतिहासाची अशी उबदार परीकथा करावी का यावरून टीकाही झाली. हे कळल्यावर पुस्तक पूर्वीसारखं वाचता येत नाही, निदान मला आलं नाही.

किशोरवयीन वाचक असेल, किंवा शृंगार अजिबात नको असेल, तर एडन थॉमस यांचं ‘सिमेटरी बॉईज’ (२०२०). पूर्व लॉस एंजेलिसमधल्या एका लॅटिनो समाजात जादू लिंगावरून वाटलेली आहे: बायका आजार बरे करतात, पुरुष आत्म्यांना मुक्ती देतात. याद्रिएल ट्रान्स मुलगा आहे, म्हणजे जन्मतः त्याला मुलगी मानलं गेलं, आणि घरचे त्याला पुरुषांचा विधी करू देत नाहीत. तो गुपचूप करतो, यशस्वीही होतो, आणि जो आत्मा हजर होतो तो हुलियान नावाचा बडबड्या पोरगा परत जायला तयार नाही. इथे जगाचा नियम म्हणजेच घरातलं भांडण. मृत्यूदेवीने ज्याला पुरुष म्हणून स्वीकारलं त्याला घरचे कोणत्या तोंडाने नाकारणार? प्रेमकथाही गोड आहे, आणि प्रियकर भूत असल्यामुळे हात धरायची पंचाईत. रहस्याचा गुन्हेगार मात्र मला निम्म्यातच कळला, तुम्हालाही कळेल.

आणि निव्वळ मजा हवी असेल तर रेनबो रॉवेल यांचं ‘कॅरी ऑन’ (२०१५). सायमन आणि त्याचा खोलीतला साथीदार बाझ, जो व्हॅम्पायर असल्याचा त्याला दाट संशय. इथले मंत्र म्हणजे रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार, बालगीतं. लोकांच्या तोंडी जितके जास्त तितकी ताकद जास्त. मराठीत हे असतं तर ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ हा मंत्र कोणाकोणावर टाकायचा याची यादी माझ्याकडे तयार आहे.

मला एकच निवडा म्हणालात तर ‘अ मार्व्हलस लाइट’. सवड भरपूर असेल आणि पाच खंडांची धास्ती नसेल तर पट्टीवाली. फक्त तिच्या खंडात मागे दिलेली पात्रांची यादी पहिल्या दिवशीच उघडून ठेवा. मी ती दुसऱ्या खंडापर्यंत पाहिलीच नाही आणि दोन काकांना एकच माणूस समजून बसलो होतो.