पेन टूलचा धडा आधी उघडा: इलस्ट्रेटर आणि इंकस्केपची पुस्तकं, आठ महिने वापरून

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) होऊन एकोणीस वर्षं झाली. पोस्टर कलर, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी, फळ्यावरचं सुलेखन यात हात बसलेला आहे. संगणकावर मात्र पत्र टाइप करण्यापलीकडे मी कधी गेले नव्हते. गेल्या जूनमध्ये शाळेच्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे आलं आणि या वेळी ते बाहेरून करून न घेता स्वतः करायचं असं मी ठरवलं. संगणकावर रेघा आणि आकार काढायचे दोन प्रोग्राम मला माहीत होते. शाळेच्या लॅबमध्ये इंकस्केप आहे, कारण ते मोफत आहे. घरी मुलीच्या लॅपटॉपवर इलस्ट्रेटरची वर्गणी आहे. म्हणजे दोन्ही शिकायची होती.

वर्गातली मुलं म्हणाली, "मॅडम, व्हिडिओ बघा की, पुस्तक कशाला?" व्हिडिओ मी पाहिले. पण हात जिथे अडतो तिथे तो माणूस थांबत नाही, पुढे गेलेला असतो. पुस्तक टेबलावर उघडं राहतं, पानावर पेन्सिलीने खूण करता येते आणि एकच परिच्छेद सात वेळा वाचता येतो. मला असंच शिकता येतं. म्हणून आठ महिन्यांत पाच पुस्तकं घेतली. तीन पुण्याला अप्पा बळवंत चौकात, त्यातलं एक जुनं, आणि दोन ऑनलाइन. त्यातली दोन आज हाताशी आहेत, बाकीची कपाटात गेली. नावं मुद्दाम देत नाही. या पुस्तकांच्या आवृत्त्या सारख्या बदलतात, आज मी लिहिलेलं नाव पुढच्या वर्षी दुकानात मिळेलच असं नाही. पुस्तक हातात घेऊन कसं पारखायचं हे सांगितलं तर जास्त उपयोग होईल.

पहिलं पुस्तक मराठीतलं होतं, दीडशे पानांचं. मराठीत आहे म्हणून फार आशेने घेतलं. पण त्यात नुसता मेन्यूचा पाढा होता. आधी फाइल मेन्यू, मग एडिट, मग व्ह्यू, आणि प्रत्येक आज्ञेपुढे एक ओळ: या आज्ञेने अमुक करता येते. कधी करायचं, कशासाठी करायचं, काहीच नाही. पेन टूलला, म्हणजे रेघा आणि वळणं काढायच्या हत्याराला, चार ओळी आणि एक चित्र. त्या चार ओळींवरून मी शिकले ते एवढंच, की टिचकी मारत गेलं की रेघ जोडली जाते. मला कोयरी काढायची होती, पैठणीच्या पदरावर असते तशी. मी तिच्या कडेकडेने टिचक्या मारत गेले. तेवीस नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, झाले. लांबून कोयरी दिसायची, जवळून दगड फोडल्यासारख्या कडा. एक नोड हलवला की शेजारी खड्डा पडायचा. हाताने ब्रश एकदा फिरवला की जे होतं, ते इथे दोन तासांत झालं नाही. त्या रात्री मला वाटलं होतं, आपल्याच्याने हे होणार नाही.

दुसरं पुस्तक जाडजूड, इंग्रजी, धड्यांच्या पद्धतीचं, आणि सरावाच्या फाइली उतरवून घेता येतात असं. या पुस्तकाने माझं शिकणं मार्गी लावलं. त्यात पेन टूलला स्वतंत्र धडा होता, अठ्ठावीस पानांचा. पहिल्याच पानावर ही वक्ररेषा आली कुठून ते सांगितलेलं: रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात गाड्यांच्या पत्र्याचे आकार गणितात बसवण्यासाठी ती वापरली, आणि सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी तेच गणित त्याच्याही आधी, १९५९ मध्ये मांडलं होतं. इतिहास म्हणून ते छान आहेच. पण मला त्यातून एक गोष्ट उमगली, की ही रेघ टिचक्यांनी बनत नाही. दोन नोड आणि त्यांच्या दोन हँडलांची टोकं, अशा चार बिंदूंनी बनते. हँडल म्हणजे रेघ त्या नोडमधून कुठल्या दिशेने आणि किती जोराने निघते ते. ब्रश टेकवताना मनगट कुठे वळलेलं असतं, तेच.

मग पुस्तकाने एक वर्तुळ काढायला लावलं आणि त्याचे नोड बघायला सांगितलं. पूर्ण वर्तुळाला चारच नोड! वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आणि प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के. मी फूटपट्टी पडद्याला लावून मोजलं, खरंच तेवढी भरली. नियम असा, की नोड वळणाच्या टोकावर ठेवायचा, जिथे रेघ अगदी आडवी किंवा अगदी उभी होते, आणि मधल्या गोलाईची काळजी हँडलांवर सोडायची. मी कोयरी परत काढली. पोटाला खाली एक, डावीकडे एक, उजवीकडे एक आणि वरच्या वळलेल्या टोकाला एक. त्या टोकाच्या नोडचं हँडल ऑल्ट दाबून मोडलं, की टोक अणकुचीदार होतं. तेवीसच्या जागी चार नोड. कड तुपासारखी आली. इंकस्केपमध्ये हेच काम नोड निवडून शिफ्ट आणि सी दाबलं की होतं, शिफ्ट आणि एस दाबलं की परत गुळगुळीत. ही दोन बटणं मी शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आहेत, ती जुलैपासून पुसलेली नाहीत.

तेव्हापासून दुकानात पुस्तक हातात घेतलं की मी अनुक्रमणिका नंतर बघते, आधी पेन टूलचा धडा उघडते. चित्रांत हँडलं काढून दाखवली आहेत का? नोड कुठे ठेवायचा याचं कारण दिलंय का? चुकीची रेघ आणि बरोबर रेघ शेजारी शेजारी आहेत का? हे असेल तर ते पुस्तक शिकवणाऱ्या माणसाने लिहिलेलं असतं. पेन टूल दोन पानांत उरकून टी-शर्टवर चकचकीत अक्षरं कशी काढायची याला वीस पानं दिली असतील, तर ते पुस्तक ठेवून द्यावं. माझं चौथं पुस्तक त्याच जातीचं होतं, पन्नास इफेक्टवालं. पायऱ्या पाळल्या की चित्र येतं, पण तिसऱ्या दिवशी स्वतःचं काही करायला बसलं की हात रिकामा. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

तिसरं पुस्तक इंकस्केपचं, जुनं, एकशेऐंशी रुपयांना मिळालं. लिहिणाऱ्याने जीव ओतून लिहिलंय, वाचताना ते जाणवतं. पण ते ०.९१ या आवृत्तीसाठी होतं आणि लॅबमध्ये १.० च्या पुढची आवृत्ती आहे. मी ते लक्षात न घेता कामाला लागले. पुस्तक म्हणतं, ९० पिक्सेलचा चौकोन काढा, तो एक इंच भरेल. माझा भरायचा २३.८ मिलिमीटर. पुस्तक म्हणतं, वायची, म्हणजे उभ्या जागेची, किंमत वाढवली की चौकोन वर जाईल. माझा खाली जायचा. दोन दिवस मी स्वतःलाच दोष देत होते. नंतर कळलं, ०.९२ पासून इंकस्केपने इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरले, आणि १.० मध्ये, म्हणजे २०२० साली, शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यातून उचलून वरच्या डाव्या कोपऱ्यात नेलं. जुन्या पुस्तकाचं काही चुकलेलं नव्हतं. पण हाताशी कोणी विचारायला नसेल तर अशा एका फरकापायी माणूस शिकणं सोडून देतो, हे मी स्वतःवरून सांगते. इंकस्केपचं जुनं पुस्तक घेणार असाल तर पडद्याच्या चित्रातली पट्टी बघा. शून्य खाली असेल तर ते १.० च्या आधीचं.

इलस्ट्रेटरच्या जुन्या पुस्तकातही हा त्रास होतो, पण तिथे तो लवकर सुटतो. पुस्तकातल्या चित्रात डावीकडे टूलची लांबलचक पट्टी असते, आपल्याकडे अर्धी टूल्स गायब. विंडो मेन्यूत टूलबार्समध्ये जाऊन ॲडव्हान्स्ड निवडलं की सगळी परत दिसतात. हे शेजारच्या पानावर एका ओळीत लिहून ठेवा.

एक तक्रार मनापासून करायची आहे. पाचवं पुस्तक रंगांवरचं होतं, स्वस्त भारतीय आवृत्ती, आणि छापलेलं होतं काळ्या-पांढऱ्यात. मजकूर म्हणतो, लाल नोडवर टिचकी मारा, निळा गट उचला. पानावर सगळं राखाडी. रंगांच्या धड्यात रंगच नाहीत! ऑनलाइन घेताना आतली पानं दाखवलेली नव्हती. आता मी दुकानात पान उलटल्याशिवाय पुस्तक घेत नाही, आणि ऑनलाइन घ्यायचंच असेल तर आधी विचारून घेते. तेव्हाच बांधणीही बघते. कीबोर्डशेजारी उघडं राहत नसेल, दर वेळी वर डबा ठेवावा लागत असेल, तर ते पुस्तक सरावाचं नाही.

आता सगळ्यात मोठी उणीव सांगते. या पाचांपैकी एकाही पुस्तकात आपली लिपी नाही. मराठी पुस्तकातसुद्धा युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतांच्या) आधीच्या फॉन्टवरची दोन पानं होती, तेवढीच. मुखपृष्ठावर शाळेचं नाव आणि "विद्यार्थी वार्षिक अंक" लिहायचं होतं. इलस्ट्रेटरमध्ये मजकूर चिकटवला आणि सगळा विस्कटला. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पलीकडे, द आणि य यांच्यामध्ये उघडा हलन्त, रफार अक्षरावर न चढता वेगळाच उभा. एकोणीस वर्षं मुलांना सुलेखन शिकवणाऱ्या माणसाला ते पाहवत नाही. दोन संध्याकाळी गेल्या. उपाय मात्र छोटा आहे: प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे शो इंडिक ऑप्शन्सवर खूण, आणि मग परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेन्यूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर निवडायचा. इंकस्केपमध्ये हा खटाटोप नाही, तिथे जोडाक्षरं आपसूक बरोबर बसतात. काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. इलस्ट्रेटरचं ग्लिफ्स पॅनेल, म्हणजे फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दाखवणारी चौकट, उघडलं की मराठी वळणाचा ल मिळतो, अर्थात फॉन्टमध्ये असला तर. आणि फॉन्ट निवडताना "दऱ्या" लिहून बघा. र अर्धचंद्रासारखा बसला तर फॉन्ट कामाचा. रफार होऊन "दर्या" दिसला तर डोंगरातल्या दरीचा समुद्र झाला. मी आता मुक्ता आणि बलू हे दोन वापरते. दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, दोन्ही मोफत.

ही अर्ध्या पानाची माहिती कुठल्याही पुस्तकात नसावी याचं मला फार वाईट वाटतं. लग्नपत्रिका, जत्रेचे फ्लेक्स, दिवाळी अंक, गल्लीबोळातलं डीटीपीचं दुकान, इतकं मराठी अक्षरांचं काम रोज होतं, आणि ते शिकवणारा धडा मला तरी सापडला नाही.

छपाईचा धडा मात्र दुसऱ्या पुस्तकात उत्तम होता, आणि मी तो वगळला. शेवटी होता म्हणून. त्याची किंमत प्रेसमध्ये मोजली. प्रेसवाले दादा पहिल्यांदा म्हणाले, "मॅडम, फॉन्ट कर्व्ह करून द्या, आमच्याकडे हा फॉन्ट नाही." म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या. ते केलं, कंट्रोल, शिफ्ट आणि ओ. मग प्रूफ आलं. पडद्यावरचा पोपटी रंग शेवाळी झाला होता, आणि बारीक काळ्या अक्षरांच्या कडेला गुलाबी झाक. कारण फाइल आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, होती. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, नेल्यावर काळा रंग चारही प्लेटांत वाटला गेला, आणि प्लेट केसभर सरकली की अक्षराची सावली पडते. बारीक अक्षरं फक्त काळ्याच्या प्लेटवर, शंभर टक्के के, एवढंच करायचं होतं. चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारी जादा कड, हवं, तेही त्याच धड्यात होतं. दादांनी प्रूफ परत काढून दिलं आणि जास्तीचे पैसे घेतले नाहीत. पुस्तक घेताना छपाईचा धडा आहे का ते बघा, आणि असला तर तो पेन टूलनंतर लगेच वाचा. इंकस्केप मुळात आरजीबीतच काम करतं, त्यामुळे ऑफसेटला जाणारं काम मी इलस्ट्रेटरमध्ये पुरं करते. शाळेतल्या मुलांच्या सरावाला इंकस्केप भरपूर पुरतं. शिवाय त्याच्या हेल्प मेन्यूत ट्युटोरियल्स आहेत. त्या स्वतःच चित्राच्या फाइली आहेत, वाचता वाचता तिथल्या तिथे नोड ओढून बघता येतात. इंकस्केप शिकायचं असेल तर पुस्तकाला पैसे घालण्याआधी त्या पुऱ्या करा.

सरावासाठी मी पुस्तकांबाहेरची एक गोष्ट करते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं, त्यांची जुनी कात्रणं माझ्याकडे आहेत. एक कात्रण स्कॅन करायचं, खालच्या लेयरवर कुलूप लावून ठेवायचं आणि वर पेनने गिरवायचं, कमीत कमी नोडमध्ये. कुठल्याही पुस्तकातल्या सफरचंदापेक्षा आणि फुलपाखरापेक्षा यात जास्त शिकायला मिळतं, कारण अक्षराची गोलाई चुकली की मराठी डोळ्याला ती लगेच खुपते. नववीतल्या एका मुलीने गेल्या आठवड्यात ळ काढला, बाहेरची कड आठ नोडमध्ये. मला त्यालाच अकरा लागले होते. तिचा बघून मी माझा परत काढला.

अंक जानेवारीत आला. मुखपृष्ठावर चार नोडची कोयरी आहे. सध्या त्याच दुसऱ्या पुस्तकातला ग्रेडियंट मेशचा, म्हणजे जाळीवर रंग एकमेकांत मिसळायचा, धडा चालू आहे. मोराच्या मानेवरची निळ्यातून हिरव्यात जाणारी झाक अजून मला हवी तशी येत नाही, एका ओळीपाशी रंग तुटतो. तो धडा तिसऱ्यांदा वाचते आहे.